खत अक्काचं, नाक भावाचं

माझ्या नणंदेला, म्हणजे अक्काला, कुणी विचारलं, भाऊ किती, तर ती सांगते, "दोन. एक मावशीनं वाढवला, एक मी." मावशीनं वाढवलेला तो माझा नवरा, त्याचं या गोष्टीत फारसं काम नाही. अक्कानं वाढवलेले ते माझे थोरले दीर, आमचे भाऊजी. आई गेली तेव्हा त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायलाही अक्काच लागायची, आणि अक्का स्वतः दोन वेण्या घालून शाळेत जाणारी मुलगी होती. तिचं लग्न राहून गेलं. कुणी अडवलं नाही, पण कुणी घाईही केली नाही. भाऊ मोठा होईपर्यंत थांबते म्हणाली, आणि भाऊ मोठा झाला तोवर तिला थांबायची सवय झाली.

वडिलांची नर्सरी तिच्याकडे आली. लाँड्रीच्या मागच्या बोळात, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून पत्र्याचं फाटक आहे. आत शिरलं की डावीकडे निवडुंग, उजवीकडे गुलाबाची कलमं, मधे हिरव्या जाळीखाली नेचे आणि सावलीतली झाडं. सगळ्यात मागे भिंतीला टेकून लाकडी फळ्यांचे कप्पे, त्यात पालापाचोळ्याचं खत. लोक झाडं घ्यायला येतात, पण अक्काचा खरा जीव त्या कप्प्यांत. पाला कुजायला घालायचा, पलटायचा, ओल सांभाळायची आणि वाट बघायची. आत पांढरी जाळी धरली की ती खूष. म्हणायची, "बुरशी लागली म्हणून तोंड वाकडं करू नका. ती फुकटात राबणारी कामकरीण आहे माझी."

अक्का बुटकी, रुंद खांद्यांची. हाताच्या भेगांत माती कायमची मुरलेली. कामाच्या वेळी अंगात भावाचे जुने ऑफिसचे शर्ट, बाह्या दुमडून. भाऊ विमा कंपनीत कारकून, त्यामुळे शर्ट चांगले, कॉलर ताठ. खताच्या ढिगावर फिकट निळ्या इस्त्रीच्या शर्टात उभी राहिलेली अक्का बघून नवं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. "साहेबांच्या मागं लागून शर्ट आणलाय," असं ती सांगायची, आणि साहेब म्हणजे भाऊ हे कळायला गिऱ्हाइकाला वेळ लागायचा.

आता नाकाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

खत तयार झालं की नाही हे वडील वासावरून ठरवायचे. कच्चं खत मुळं जाळतं. पिकलेल्याला ओल्या जंगलासारखा वास येतो म्हणे. मला आजवर आलेला नाही. ढिगाच्या पोटातून ओंजळभर काढायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटून ओढायचं. वडिलांनी दोन्ही मुलांना शिकवलं. अक्का कलमं बांधायला शिकली, कीड ओळखायला शिकली, गिऱ्हाइकाशी गोड बोलून भाव न उतरवायला शिकली; पण नाक मिळालं ते भावाला. वडील ओंजळ पुढे करून विचारायचे, "काय म्हणतं?" आणि ते एवढंसं पोर सांगायचं, "अजून आंबट आहे." उकरून बघावं तर खरंच खाली कच्चा पाला. अक्कानं त्याचं नावच नाक्या ठेवलं. ती हसत सांगते, "मला हेवा वाटायचा हो. मी दिवसभर राबायची आणि हा शाळेतून येऊन एकदा हुंगून शाबासकी घेऊन जायचा." पण पुढे वडील गेले, तो ऑफिसात चिकटला, तरी दर सुट्टीला अक्काकडे येऊन ढिगाचा निकाल देऊन जायचाच. हेवा मग अभिमानात मुरला. नाक भावाचं असलं तरी मालकी तिची झाली.

आणि मग माझ्या जाऊबाई आल्या.

जाऊबाई उंच, नीटनेटक्या, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या. त्यांच्या घरात साखरेच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी चिकटवलेली असते, साखर म्हणून. अक्काला हे पहिल्या दिवसापासून खुपलं. "डबा उघडला की दिसत नाही का साखर?" जाऊबाईंना अक्काची माती खुपली. भाऊजी नर्सरीतून आले की त्या दारातच बूट काढून घ्यायच्या. जुने शर्ट अक्काला द्यायचे हा घरचा रिवाज; जाऊबाईंनी ते कापून लादी पुसायची फडकी केली. अक्कानं एकदा जमिनीवर पडलेली ओळखीची निळी बाही पाहिली आणि चहा न घेता उठली. दोघींचं भांडण म्हणावं असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

मग भाऊजींची मूत्रपिंडं निकामी झाली.

आठवड्यातून कितीदा तरी डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं, आल्यावर पिळून टाकल्यासारखं पडून राहायचं, असं बरेच महिने चाललं. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचं काढताच सगळ्यात आधी अक्का उभी राहिली. "माझं घ्या. दोन्ही घ्या," म्हणाली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब आहे, साखर आहे, तुमच्या मूत्रपिंडांना तुम्हीच आधी सांभाळा. माझा नवरा तपासणीत बसेना. आणि जाऊबाईंचं जुळलं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर अक्का माझ्या शेजारी बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं आनंदाचं नव्हतं.

"मी त्याला बोट धरून चालवला. गोवर आला तेव्हा उशाशी बसले. आणि जुळलं कुणाचं? परक्या घरच्या पोरीचं!"

"अक्का, जुळलं हे महत्त्वाचं ना?"

"महत्त्वाचंच गं. मी कुठं नाही म्हणते? देवानं तिचं भलं करावं." मग नाक पुसून म्हणाली, "पण थोडं कमी करावं."

ऑपरेशन चांगलं झालं. नवं मूत्रपिंड पोटात खाली, उजव्या बाजूला बसवतात. जाऊबाईंना एक सवय लागली. चारचौघांत बसलेलं असताना त्या भाऊजींच्या पोटावर तिथं हलकेच हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "आमची किडनी कशी आहे आज?" लोकांना कौतुक वाटायचं. अक्का त्या वेळी खिडकीबाहेर बघायची. एकदा मला कानात म्हणाली, "दिलेल्या वस्तूची इतकी चौकशी मी तर विकलेल्या झाडाचीसुद्धा करत नाही."

नियम आले तेव्हा तर कहरच झाला. नवं मूत्रपिंड शरीराला परकं वाटतं, ते शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून अंगातली झुंजण्याची ताकदच औषधांनी दाबून ठेवावी लागते. ती दाबली की एरवी ज्यांना आपण हिंग लावूनही विचारत नाही अशा गोष्टीही जिवावर येतात. म्हणून गर्दी नको, कच्चं खाणं नको, बांधकामाची धूळ नको, माती-खतात हात नको. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या खाली फाटकापाशी नेऊन ठेवायला लावल्या. एकूण एक अक्कानं दिलेल्या. अक्का हातगाडी घेऊन आली, सगळ्या भरून घेऊन गेली. संध्याकाळी मी नर्सरीत गेले तर म्हणाली, "हकालपट्टी झाली माझी. कुंड्यांसकट."

"अक्का, डॉक्टरांनीच सांगितलंय. मी होते तिथं."

"डॉक्टर माती म्हणाले. वहिनीनं अक्का ऐकलं."

यात थोडं खरंही होतं. जाऊबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "जीव मी दिला, आणि हे शुद्धीवर आल्या आल्या काय विचारतात? अक्का जेवली का!" हे सांगताना त्यांच्या हातातल्या औषधाच्या डबीचं झाकण उलटंसुलटं फिरत होतं.

तर असं ते वर्ष गेलं. भाऊजींची तब्येत सुधारली, घरात बसून कंटाळले. जाऊबाई पुन्हा दुकानात जाऊ लागल्या. बुधवारी त्यांची दिवसभराची पाळी असायची. आणि बुधवारी भाऊजी तोंडाला मास्क लावून, कुणाला न सांगता, चालत नर्सरीत जाऊ लागले.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नंतर अक्कानंच सांगितलं, तेही काही न लपवता. ती म्हणाली, पहिल्या दिवशी तो फाटकात दिसला तेव्हा माझ्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. तिनं त्याला आत येऊ दिलं नाही. फाटकाशी निवडुंगांजवळ स्टूल ठेवलं. तो यायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडून ठेवायची, धूळ उडू नये म्हणून. तो असेपर्यंत मागच्या कप्प्यांकडे फिरकायची नाही. मास्क जरा खाली आला की ओरडायची. म्हणजे सांभाळत होती. जाऊबाईंच्या तोडीस तोड सांभाळत होती. कदाचित तेच तिला दाखवायचं होतं, फक्त दाखवायला समोर कुणी नव्हतं.

मग तो बुधवार आला. भाऊजी त्या दिवशी खुशीत होते. बसल्या बसल्या बायकोचं कौतुक सुरू केलं. गोळ्या कशा मिनिटाच्या ठोक्याला देते, पाणी कसं उकळून गाळून ठेवते, झोपेतसुद्धा माझा श्वास मोजते, अक्का, मी तिचं देणं कधी फेडणार? अक्का कलमाला सुतळी गुंडाळत ऐकत होती. ऐकलं, ऐकलं, आणि सुतळी टाकून उठली.

मागच्या कप्प्यात एक ढीग तयार होत आला होता. गुलाबाच्या कलमांना तो हवा होता, पण घाई काही नव्हती; आठवडाभर थांबता आलं असतं, हे ती स्वतःच सांगते. तिनं ढिगाचं पोट उकरलं. आत कोरडं, पांढरी जाळी धरलेलं खत होतं. ओंजळ भरून फाटकापाशी आली, भावाच्या तोंडासमोर धरली आणि वडिलांच्या आवाजात विचारलं, "काय म्हणतं?"

भाऊजींनी विचारच केला नाही. त्या प्रश्नाला त्यांच्या अंगात एकच उत्तर होतं, लहानपणापासूनचं. मास्क हनुवटीखाली ओढला, नाक ओंजळीत घातलं, डोळे मिटून खोल श्वास घेतला. करडी धूळ उठली. मग मान वर करून म्हणाले, "पिकलंय. पण ओल कमी आहे गं. एकदा पलटी मार."

"तेव्हा मला काय वाटलं सांगू?" अक्का मला म्हणाली. "वाटलं, असू दे बाई तुझी किडनी. नाक माझं आहे."

त्यानंतर काही दिवसांनी भाऊजींना कोरडा खोकला लागला. बारीक ताप, मग छातीत एका बाजूला टोचणं. जाऊबाईंनी एका दिवसाचाही उशीर केला नाही, थेट हॉस्पिटल गाठलं. नेहमीचा न्यूमोनिया समजून औषधं सुरू झाली. ताप उतरेना. औषधं बदलली, तरी उतरेना. खोकल्यात रक्ताची तार दिसली. छातीच्या तपासणीत फुप्फुसात गाठींसारखे डाग निघाले.

त्या सकाळी मी डबा घेऊन गेले होते. खोलीत दोघांनाच परवानगी, म्हणून जाऊबाई आणि मी आत, आणि अक्का दाराच्या चौकटीत, पिशवी पोटाशी धरून. छातीच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला घाईच्या पण ऐकायला सावकाश. म्हणाल्या, "मला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारायचंय. घरात, शेजारी कुठं बांधकाम? तोडफोड?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"बंद खोली, माळा, जुनी अडगळ उघडली?"

"नाही."

"कबुतरं?"

"जाळी लावलीय."

"माती, कुंड्या, खत?"

"शक्यच नाही. घरात एक पान नाही ठेवलेलं मी." जाऊबाईंची मान ताठ झाली होती. "काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं ठेवलंय यांना."

मी सहज भाऊजींकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते, आणि उशीवर मान अगदी थोडी हलवत होते. नको. बोलू नको. मला वाटलं पाणी नको म्हणतायत.

अक्का पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. आज मला कळतं तिच्यापुढे काय होतं ते. गप्प राहिली तर भाऊ हातचा जाणार. बोलली तर भाऊ जगेलही, पण त्याच्या घराचं दार तिला कायमचं बंद, आणि ते बंद करायचा पूर्ण हक्क, तिच्याच तोंडानं, जाऊबाईंच्या हातात.

डॉक्टर वळल्या. "ठीक आहे. मग आजचा दिवस हेच औषध चालू ठेवून पाहू."

"खत हुंगलंय त्यानं," अक्का म्हणाली.

डॉक्टर जागीच थांबल्या. मग जाऊबाई म्हणाल्या, "काय?"

"माझ्याकडे. मी ओंजळ धरली, त्यानं हुंगलं. मास्क काढून."

"तुमच्याकडे? हे तुमच्याकडे कधी आले?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

उशीवरून खोल गेलेला आवाज आला, "मी दर बुधवारी जातो."

"दर बुधवारी?" जाऊबाईंनी विचारलं. खताबद्दल नाही, मास्कबद्दल नाही. "दर?"

"बाई, ते घरी जाऊन भांडा," डॉक्टर म्हणाल्या. चष्मा आता डोळ्यांवर आला होता. त्या अक्काकडे वळल्या. "मला दाखवा. कसं हुंगलं? किती जवळून?"

अक्कानं रिकामी ओंजळ स्वतःच्या नाकाशी नेली आणि श्वास ओढला. डॉक्टरांनी एकदम मान हलवली.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. कुजणाऱ्या पाल्यात बुरशी असतेच, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात, तुम्ही-आम्ही रोज ते आत घेतो. आपलं अंग त्यांना झाडून टाकतं. पण ज्यांची ताकद औषधांनी दाबलेली आहे किंवा कर्करोगाचे उपचार चालू आहेत, अशांच्या फुप्फुसात ते कण रुजतात. पाल्यात रुजावेत तसेच. नेहमीच्या जंतूंची औषधं तिथं काही कामाची नाहीत. नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासू, पण अहवालाची वाट बघत बसणार नाही, बुरशीचं औषध आजच सुरू करते. जाता जाता अक्काला म्हणाल्या, "तुम्हाला साखर आहे ना? मग खताचं काम करताना तुम्हीही मास्क लावत जा. फडकं नाही, मास्क."

अक्का पुटपुटली, "कामकरीण म्हणायची मी तिला."

दुपारी दुसरी गोष्ट कळली. बुरशीशी झुंजायला अंगाला थोडी ताकद परत द्यावी लागणार, म्हणजे मूत्रपिंड सांभाळणारी औषधं कमी करावी लागणार. मग शरीर त्या मूत्रपिंडावर उलटू शकतं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा जाऊबाईंचा हात आपोआप स्वतःच्या कुशीवर, टाक्यांच्या जागी गेला.

"म्हणजे माझी जाईल?"

"जाईलच असं नाही. पण आधी माणूस."

"करा कमी," त्या म्हणाल्या, आणि बाहेर आल्या.

बाहेर बाकावर अक्का होती. मी मधे बसणार होते, पण जाऊबाईंनी मला नजरेनंच बाजूला केलं. त्या उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला माझं दिलेलं बघवलं नाही."

"नाही बघवलं," अक्का म्हणाली.

जाऊबाईंना बहुतेक नकार अपेक्षित होता. अक्काच पुढे म्हणाली, "तुला तरी माझं कुठं बघवलं? शर्ट मागितले तर फडकी केलीस."

"हो. केली. मुद्दाम केली. तुम्ही ते अंगात घालून फिरायचात, मला वाटायचं माझा नवरा तिकडे खतावर उभा आहे."

"आणि मला वाटायचं माझा भाऊ तू लादीवर घासतेस."

समोरून स्ट्रेचर आलं, तसे अक्कानं पाय आत घेतले आणि जाऊबाई भिंतीकडे सरकल्या. ते गेल्यावर जाऊबाईंनी विचारलं, आणि आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "तिथं येऊन काय बोलायचे हो? दर बुधवारी?"

इथं अक्काला वाटलं असतं तर कितीतरी सांगता आलं असतं. लहानपणचं, वडिलांचं, दोघांचं म्हणून काहीबाही. जाऊबाईंच्या काळजाला कायमची घरं पडली असती.

"तुझंच बोलायचा," ती म्हणाली. "बसल्यापासून उठेपर्यंत तुझं. तू गोळ्या कशा देतेस, पाणी कसं गाळतेस. त्या दिवशी तर थांबेचना. त्याचाच मला राग आला, आणि मी ओंजळ घेऊन आले."

जाऊबाई बाकावर बसल्या. दोघींच्या मधे मी बसू शकले असते एवढी जागा होती, बसले नाही.

उपचार लांबलचक चालले. त्या औषधानं भाऊजींना भिंतीवर हिरवे ठिपके नाचताना दिसायचे, उजेड सोसायचा नाही. ताप हळूहळू उतरला, डाग आकसत गेले. रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा वर चढला, म्हणजे काम बिघडू लागलं, मग तो एका जागी थांबला. पूर्वीइतका चांगला नाही, पण चालण्याजोगा. भाऊजी घरी आले. गोळ्या अजून पुष्कळ महिने घ्यायच्या होत्या.

अक्काला कुणी येऊ नको म्हटलं नाही. ती स्वतःच जाईना. नर्सरीत मास्क लावून काम करायची. मास्कांचा खोका जाऊबाईंनीच माझ्या हाती पाठवला होता, वर चिठ्ठी चिकटवून: मास्क. अक्का ती चिठ्ठी बघून पहिल्यांदा हसली. "उघडल्यावर दिसले नसते की काय!" पण घरी चला म्हटलं की म्हणायची, "माझ्या अंगालाच ती धूळ. मी कशाला जाऊ?"

तिकडे भाऊजी जेवताना घास फिरवत बसायचे. शेवटी जाऊबाईंनी मला फोन केला. "तुझ्या नणंदेला सांग, यायचं असेल तर या म्हणावं. माझ्या अटीवर. मागच्या दारानं यायचं, सरळ न्हाणीघरात जायचं, डोक्यावरून अंघोळ, नखं घासून, आणि मी ठेवलेले कपडे घालायचे. त्यांचे कपडे पिशवीत बंद. खताचा कण चालणार नाही."

अक्काला सांगितलं तर ती उसळली. "म्हणजे मी तिचा गाऊन घालून माझ्या भावाजवळ बसायचं?"

"हो."

"लांब होईल मला."

"दुमडा."

बुधवारी मीच तिला घेऊन गेले. न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आली ती जाऊबाईंच्या लांबलचक गाऊनमध्ये, खालचा घोळ दोन्ही हातांनी उचलून, केस निथळत, अंगाला लिंबाच्या साबणाचा घमघमाट. मी ओठ चावून हसू दाबलं. "हस, हस," ती म्हणाली. "अशी धुतली नव्हती मला आईनंही."

खोलीत पडदे ओढलेले होते. भाऊजी डोळ्यांवर रुमाल टाकून पडले होते. अक्का पलंगाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. इतक्या दिवसांनी भाऊ समोर होता; ती आधी त्याच्या अंगावरची चादर सारखी करू लागली. भाऊजींनी रुमालाखालून श्वास ओढला, त्यांच्या त्या प्रसिद्ध नाकानं, आणि प्रेमानं विचारलं,

"आलीस का गं दुकानातून? आज लवकर सोडलं?"

दारात जाऊबाई उभ्या होत्या. हातात वाफाळणाऱ्या सुपाचा वाडगा होता. मी एकीच्या तोंडाकडे बघावं की दुसरीच्या, मला कळेना.

"दुकानातून नाही, खतातून आले," अक्का म्हणाली. "नाक गेलं रे तुझं, नाक्या!"

भाऊजींनी रुमाल ओढून टाकला. आधी हसल्या त्या जाऊबाई. वाडगा हिंदकळला म्हणून टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसण्यात जिंकल्याचं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही.

परत येताना अक्का बोळाच्या तोंडापर्यंत गाऊनचा घोळ सावरत चालत होती. तिचे कपडे पिशवीत होते, अंगात अजून तो गाऊन, वर माझा कोट. सायकलच्या दुकानापाशी थांबून म्हणाली, "शंभर माणसांत डोळे बांधून ओळखलं असतं त्यानं मला. आणि तिच्या एका साबणाच्या वडीनं..."

"मग? पुढच्या बुधवारी नाही जाणार?"

"जाणार नाही कशाला? माझा साबण घेऊन जाणार."

आणि खरंच घेऊन गेली. तपकिरी, बिनवासाचाच म्हणावा असा, कपड्यांच्या साबणाचा चुलतभाऊ. जाऊबाईंनी वडी नाकाशी नेली, नाक मुरडलं आणि न्हाणीघरात आपल्या साबणापासून जितकी लांब फळी होती तिच्यावर नेऊन ठेवली. संध्याकाळी मी हात धुवायला गेले, तेव्हा त्या वडीखाली चिठ्ठी चिकटवलेली होती: अक्का.